पॉम्पेईला गेलोच नाही

इटलीहून आल्यापासून भेटेल तो एकच विचारतोय, पॉम्पेई कसं होतं? आणि मी म्हटलं की नाही बघितलं, तर समोरच्याचा चेहरा असा होतो जणू आम्ही पंढरपूरला जाऊन विठोबाचं दर्शन न घेता परत आलोय. नेपल्समध्ये तीन रात्री राहिलो, पॉम्पेईला जाणाऱ्या ट्रेनमध्येही बसलो, आणि अर्ध्यात उतरून हर्क्युलेनियम बघून आलो, म्हणजे पॉम्पेईसारखंच व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेलं दुसरं रोमन गाव. मुद्दाम. कोणी चुकवलं नाही आम्हाला. (चुकलो आम्हीच, पण ते वेगळ्या बाबतीत, सांगते.)

कारण अगदी साधं, आईचे गुडघे. आई माझ्याकडे तीन आठवड्यांसाठी आली होती, आणि पॉम्पेई म्हणजे जवळजवळ ६६ हेक्टरचं शहर, त्यातलं दोन तृतीयांश खणून काढलेलं, रस्ते मोठमोठ्या उंचसखल काळ्या दगडांचे आणि सावलीच्या नावाने बोंब. हर्क्युलेनियमचा उघडा भाग जेमतेम साडेचार हेक्टर. दोन-अडीच तासात आरामात फिरून होतं असं सगळीकडे वाचलं होतं. आम्हाला साडेचार तास लागले ही गोष्ट वेगळी, कारण आईला प्रत्येक घरातलं स्वयंपाकघर बघायचं होतं.

आदल्या दिवशी नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये गेलो होतो. तिथे भिंतभर मोझाइक, बारा फुटी पुतळे, काय काय, आणि आई अडकली कुठे, तर जळून काळ्या पडलेल्या पावापाशी. गोल पाव, वर आठ फाका पाडलेल्या, केक कापायच्या आधी सुरीने खुणा करतो तशा. असे पाव पॉम्पेईत पण सापडलेत आणि हर्क्युलेनियममध्ये पण, आणि हर्क्युलेनियमच्या एका पावावर तर चक्क शिक्का आहे, की हा सेलरचा पाव, क्विंटस ग्रॅनियस व्हेरसच्या गुलामाचा. सगळ्यांचे पाव एका भट्टीत जात असतील तर कुठला कोणाचा ते कळावं म्हणून असणार असं म्हणतात. आई म्हणाली, "म्हणजे आपण भांड्यांवर नाव घालतो तसं." मी हे कितीतरी ठिकाणी वाचलं होतं पण इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं.

तर सकाळी नेपल्सच्या गारिबाल्दी स्टेशनहून ट्रेन. ही लाइन व्हेसुव्हियसला वळसा घालून जाते आणि तिचं नावच तसं आहे, चिर्कुमवेझुव्हियाना, हे आईला तीनदा म्हणून दाखवलं आणि तिने एकदाही म्हणायचा प्रयत्न केला नाही. वीस मिनिटांचा प्रवास. उतरायचं स्टेशन एर्कोलानो स्काव्ही, एर्कोलानो म्हणजे हर्क्युलेनियमवर वसलेलं आजचं गाव आणि स्काव्ही म्हणजे उत्खनन. आम्ही गप्पांच्या नादात ते सोडलं, आणि पुढच्याच स्टेशनवर परत पाटीवर एर्कोलानो दिसलं म्हणून घाईघाईने उतरलो. ते होतं एर्कोलानो मिल्यो दोरो. ट्रेन गेल्यावर लक्षात आलं की प्लॅटफॉर्मवर आमच्याशिवाय एकही टूरिस्ट नाही. मिल्यो दोरो म्हणजे सोनेरी मैल, अठराव्या शतकात नेपल्सचा राजा शेजारी पोर्तिचीला महाल बांधून राहायला लागला म्हणून बाकी सरदार मंडळींनी त्या रस्त्यावर आपापले वाडे बांधले. काही झकास रंगवलेले, काहींचे पोपडे निघालेले, गॅलरीत गॅसचे सिलिंडर. चालत मागे आलो. आईने फक्त एवढंच म्हटलं की सोनं कुठे दिसलं नाही, मैल मात्र पुरेपूर होता.

आता गेटमधून आत गेल्यावर जे होतं ते मला फोटोत कधीच कळलं नव्हतं. तुम्ही आजच्या गावाच्या जमिनीवर उभे असता, डावीकडे कठडा, आणि कठड्यातून खाली बघितलं की एक अख्खा खड्डा, आणि खड्ड्याच्या तळाशी गाव. छपरं, खिडक्या, गॅलऱ्या, गल्ल्या. खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर आजच्या एर्कोलानोच्या पाच-पाच मजली बिल्डिंगा, त्यांच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरी आणि बनियन, आणि त्यांच्याही मागे व्हेसुव्हियस, शांत, वर थोडासा ढग. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं पण ह्या बिल्डिंगांच्या खाली पण असेलच की गाव." आहेच. जुन्या गावाचा मोठा भाग अजून तसाच गाडलेला आहे आणि वर लोक राहतात, त्यांना उठवून खणणार कसं. ह्या वरच्या गावाचं नाव पण १९६९ पर्यंत रेझिना होतं, नंतर जुन्या नावावरून एर्कोलानो केलं.

सापडलं कसं ते पण गमतीचं आहे. १७०९ च्या सुमारास कोणीतरी विहीर खणत होतं, पाण्याऐवजी संगमरवर लागला. विहीर नेमकी जुन्या थिएटरवर पडली होती. १७३८ पासून राजाने रीतसर खोदकाम सुरू केलं, पण रीतसर म्हणजे काय, तर बोगदे. वरून खड्डा न करता आत उंदरासारखी भोकं पाडत जायचं, पुतळा दिसला की उचलायचा, भिंतीवरचं चित्र आवडलं की कापून काढायचं. आजही काही भिंतींना मधोमध ओबडधोबड भगदाडं दिसतात ती त्या काळातली. उघड्यावर नीट खणायचं मोठं काम झालं ते १९२७ नंतर.

आता मुख्य प्रश्न, पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम दोन्ही एकाच डोंगराने गाडली तर फरक काय. मला पण जाईपर्यंत वाटायचं की हे म्हणजे पॉम्पेईची छोटी आवृत्ती. तसं नाहीये. इसवी सन ७९ मध्ये उद्रेक झाला (पुस्तकात २४ ऑगस्ट असतं, पण २०१८ मध्ये पॉम्पेईत एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची तारीख सापडली, त्यामुळे आता बरेच जण ऑक्टोबर म्हणतात). दुपारी डोंगरातून राखेचा खांब वर गेला, धाकटा प्लिनी म्हणून रोमन लेखक होता, त्याने तो खाडीच्या पलीकडून बघितला, तेव्हा तो १७ वर्षांचा होता, आणि नंतर पत्रात लिहिलं की ढग पाइनच्या झाडासारखा दिसत होता. आधी मला हे काही झेपलं नव्हतं, आपल्या डोक्यात पाइन म्हणजे ख्रिसमस ट्री. पण तिथले पाइन छत्रीसारखे असतात, लांबच लांब सरळ खोड आणि वर पसरट डोकं. ते बघितल्यावर पत्रातलं वाक्य एकदम कळलं.

तर वारा वाहत होता आग्नेयेकडे, आणि तिकडे पॉम्पेई. त्यामुळे पॉम्पेईवर दुपारपासून दगडगोट्यांचा पाऊस, छपरं कोसळली. हर्क्युलेनियम पश्चिमेला, डोंगराच्या जास्त जवळ असूनही पहिल्या दिवशी तिथे थोडीशी राख सोडून काही पडलं नाही. लोकांना सगळं समोर दिसत होतं. बरेच जण निघून गेले असावेत. मग मध्यरात्रीनंतर तो वर गेलेला खांब खाली ढासळला आणि तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोट डोंगरावरून थेट गावात आला. त्यानंतर एकावर एक असे लोट येत गेले आणि गाव २० मीटर खाली गेलं, म्हणजे सहा-सात मजले. नंतर ते सगळं घट्ट होऊन दगड झालं.

आणि इथेच खरी गोम आहे. ह्या लोटाने लाकूड जाळून टाकायला पाहिजे होतं, पण जळायला हवा लागते आणि हवाच शिल्लक नव्हती. कोळसा पाडताना लाकडं रचून वरून माती लिंपतात ना, तसं झालं. लाकडाची राख न होता कोळसा झाला, आकार जसाच्या तसा. म्हणून पॉम्पेईत दगड आणि विटा उरल्या, आणि इथे दाराची चौकट, वरची तुळई, जिना, पलंग, कपाट. दोन हजार वर्षांपूर्वीचं. दारांवरच्या तुळया काळ्या कुळकुळीत, जवळून बघितल्या तर लाकडाचे दोरे दिसतात, भेगा दिसतात. हात लावायचा मोह मी आवरला. आईने बॅगेत हात घालून रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला, तिचं असं असतं काही मनाला लागलं की.

एका घराचं नावच लाकडी पार्टिशनचं घर. पुढच्या चौकात आणि आतल्या खोलीच्या मधे घडीचं लाकडी दार, मधला भाग गेलाय, दोन बाजू उभ्या आहेत, आता काचेच्या आड. त्यावर दिवे टांगायला ब्राँझचे आकडे. आलेल्या माणसाला आतलं दिसू नये म्हणून दार ओढून घ्यायचं आणि आत मालक काय करायचं ते करो. मला हे बघून फार आपलेपणा वाटला, का ते नका विचारू, पाहुणे आल्यावर बेडरूमचं दार लोटून घेणाऱ्या सगळ्यांना कळेल.

त्याच्या शेजारी एक घर आहे, लाकडी सांगाड्यात दगडमाती भरून बांधलेलं, स्वस्तातलं बांधकाम. रस्त्यावर पुढे आलेली गॅलरी, वर वेगळे जिने, म्हणजे वेगवेगळी कुटुंबं भाड्याने राहत असावीत. "चाळ की ही!" आई. आणि खरंच चाळ. असल्या बांधकामाबद्दल व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन आर्किटेक्टने लिहून ठेवलंय की हे निघालंच नसतं तर बरं झालं असतं, आग लागायला एकदम तयार. आणि बघा, गावातले संगमरवरी खांब कोसळले आणि ही चाळ वरच्या मजल्यासकट आपल्यापर्यंत आली.

मोझाइक म्हणाल तर नेपच्यून आणि त्याची बायको अँफिट्रायटी ह्यांचं एक आहे, सगळ्यांच्या फोटोत असतं तेच, निळं-हिरवं काचेचं, कडेला शिंपले लावलेले. सुंदर आहे यात वादच नाही. पण तिथे फोटोसाठी रांग होती आणि आम्ही त्याच घराच्या पुढच्या दुकानात शिरलो, तिथे कोणी नव्हतं. भिंतीवर लाकडी फळ्यांचा माळा आणि त्यावर निमुळत्या बुडाचे मातीचे रांजण आडवे रचून ठेवलेले. दुकानदार मागे कुठेतरी गेलाय आणि आत्ता येईल असं वाटावं इतकं. आणि मागच्या बाजूला, दुकान सोडून गेल्यावर, ते काचेचं मोझाइक असलेलं जेवायचं अंगण. म्हणजे पुढे किराणा मागे श्रीमंती. आईच्या मते असेच लोक खरे पैसेवाले.

खायची दुकानं तर कोपऱ्या-कोपऱ्यावर. एल आकाराचा ओटा, वरून रंगीबेरंगी संगमरवराचे तुकडे बसवलेले, जुन्या घरात फुटक्या फरशीचे तुकडे बसवायचे तसे, आणि ओट्यात बुजवलेले मोठे रांजण, फक्त तोंडं वर. गाईडबुकं सगळी ह्याला फास्ट फूड म्हणतात. आई वाकून प्रत्येक रांजणात बघत होती. तिचं म्हणणं, ह्यात गरम रस्सा ठेवत असतील हे शक्यच नाही, धुणार कसं, बूड तर जमिनीत. धान्य, डाळी, सुकं काहीतरी असणार. मी म्हटलं बरं. संध्याकाळी बसून शोधलं तर अभ्यासकांचं पण हेच म्हणणं निघालं, असल्या रांजणांत सुकं सामान असावं असं मानणारे बरेच आहेत. हे तिला सांगितल्यावर जो चेहरा झाला तो बघण्यासारखा होता.

मोठ्या रस्त्यावर एका दुकानाची रंगवलेली जाहिरात आहे, अजून दिसते. वर एक देव, खाली चार सुरया ओळीने, प्रत्येकीतली वाइन वेगळ्या रंगाची आणि प्रत्येकीखाली तिचा भाव. मेन्यूकार्डच. आणि ह्या लोकांनी खाल्लं काय तेही माहितीये, कारण एका गल्लीच्या खालच्या गटारातून ७०० च्या वर पोती मैला काढलाय, सुकलेला, आणि त्यात अंजिराच्या बिया, माशांचे काटे, अंड्यांची टरफलं, समुद्री साळूचे काटे. कोणाला तरी ही नोकरी म्हणून मिळाली आणि त्या माणसाने ती केली, मला त्या माणसाबद्दल आदर आहे.

बायकांच्या हमामखान्यात कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला कपडे ठेवायचे कप्पे, खाली बाक, आणि जमिनीवर समुद्री देवाचं काळंपांढरं मोझाइक, आजूबाजूला डॉल्फिन, ऑक्टोपस. इथे आई बाकाशेजारी जमिनीवरच टेकली (बाकावर बसू देत नाहीत) आणि दहा मिनिटं बसून राहिली, गार होतं म्हणून. बाहेर सप्टेंबरचं ऊन मी म्हणत होतं.

दोन गोष्टी पटकन. गावाच्या कडेला एक प्रचंड बंगला होता, त्यात १७५० नंतरच्या खोदकामात पपायरसच्या गुंडाळ्या मिळाल्या, तुकडे धरून १८०० च्या आसपास, सगळ्या कोळसा झालेल्या. सुरुवातीला लोकांना ती जळकी लाकडंच वाटली. उलगडायला गेलं की भुगा. आता त्या न उलगडताच एक्स-रे स्कॅन करून कॉम्प्युटरने वाचतात आणि २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका २१ वर्षांच्या कॉलेजच्या पोराने त्यातला पहिला अख्खा शब्द काढला. ग्रीक शब्द, अर्थ जांभळा. दुसरी गोष्ट, एका सार्वजनिक इमारतीच्या छोट्या खोलीत लाकडी पलंगावर एक तरुण माणूस मेला होता, साधारण विशीतला, आणि त्याच्या कवटीत काळ्या काचेसारखं काहीतरी होतं. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं की तो त्याचा मेंदू आहे, काच झालेला. ती खोली आम्ही बघितली. मी आईला हे तिथे सांगितलं नाही.

मग खाली किनारा. जुनं गाव समुद्रालगत होतं, आता समुद्र बराच लांब गेलाय, आणि जुना किनारा खड्ड्याच्या तळाशी, आजच्या समुद्रपातळीच्याही खाली. किनाऱ्यावर दगडी कमानींची रांग आहे, होड्या ठेवायच्या वखारी. १९८० पर्यंत सगळ्यांना वाटायचं की हर्क्युलेनियमची माणसं वाचली, कारण गावात सांगाडे फार मिळालेच नव्हते. मग ह्या कमानी खणल्या. ३०० च्या आसपास माणसं. होडी येईल म्हणून थांबलेली. कमानींच्या आत जास्त करून बायका आणि पोरं, आणि बाहेर वाळूवर पुरुष जास्त. कोणाजवळ दागिने, कोणाजवळ पैसे, कोणाजवळ दिवा. आता आत दिसतात त्या सांगाड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती आहेत, खरी हाडं हलवलीत, पण ते पाटी वाचल्यावर कळतं, आणि आधी तुम्ही बघितलेलं असतं. एकमेकांच्या कुशीत शिरलेले. लहान मूल मोठ्याच्या पोटाशी. पहिल्या कमानीनंतर मी मोजायचं सोडून दिलं. आई बाराच्या बारा कमानींपाशी थांबत थांबत गेली, प्रत्येक ठिकाणी हात जोडले, आणि परत येऊन म्हणाली, "पाणी दे."

वर जवळच वेगळ्या शेडमध्ये एक होडी ठेवलीये, त्याच किनाऱ्यावर उलटी पडलेली सापडली होती. काळी, फळ्या चिरफळलेल्या. आणि बाजूच्या छोट्या म्युझियममध्ये त्यांचे दागिने, अंगठ्या, सापाच्या आकाराच्या बांगड्या. छान आहेत, पण कमानी बघून आल्यावर आम्हाला दोघींना तिथे थांबवेना, पाच मिनिटात बाहेर.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिकीट नसतं पण गर्दी असते, जमलं तर दुसऱ्या एखाद्या दिवशी जा. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. बूट सपाट तळाचे. स्टेशनपासून गेटपर्यंत रस्ता सरळ उताराचा आहे, दहा मिनिटं, म्हणजे (योग्य स्टेशनवर उतरलात तर) जाताना मजा आणि येताना तोच चढ.

त्या चढावर आम्ही तीनदा थांबलो. तिसऱ्यांदा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो, आईने बॅगेतून दाण्याचे लाडू काढले. समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून एका आजीने दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, बोलता बोलता, वरून खाली कोणाशी तरी मोठमोठ्याने भांडल्यासारखं चाललं होतं, बहुतेक भांडण नव्हतंच. खालच्या पोराने टोपलीतले पैसे घेतले, कागदाच्या पिशवीतला पाव टोपलीत टाकला, पिशवीतून अर्धा बाहेर आलेला, मोठा गोल पाव. आजी दोरी ओढायला लागली. टोपली भिंतीवर दोनदा आपटली. आई लाडू हातात धरून वर बघत होती, टोपली गॅलरीत जाईपर्यंत.

"पोचला," ती म्हणाली, आणि लाडू खाल्ला.